इलाज खलास

सोमवार, ७ ऑक्टोबर २०१३, हायडेलबर्ग

चुकलं. आज माझ्याकडून फार मोठं चुकलं.

डॉक्टर म्हणाले, "आउस्टेरापीर्ट." एकच शब्द. या जर्मन लोकांना वाईटात वाईट गोष्टसुद्धा एका शब्दात कोंबता येते. अर्थ असा की करण्यासारखं होतं ते सगळं करून झालं, आता या बाईंसाठी आमच्याकडे काही उरलेलं नाही. बोलून ते थांबले. दुभाषी बोलेल म्हणून. त्या बाई, यम्माही, माझ्याकडेच बघत होत्या. आणि माझ्या तोंडून निघालं - "इलाज खलास."

खलास! आपल्याकडे खलास म्हटलं की माणूस गेलाच. त्यांच्याकडे खलास म्हणजे झालं, संपलं, सुटलो एकदाचे. शाळा खलास, काम खलास, रोजे खलास. यम्मांनी दोन्ही हात वर केले - "अल्हम्दुलिल्लाह!" डोळ्यांत पाणी. डॉक्टर मला हळूच म्हणाले, "बाई धीराच्या आहेत." मी मान हलवली. मान हलवली मी!

पुढे ते म्हणाले, विमानानं घरी न्यायचं असेल तर दोन, फार तर तीन आठवड्यांत न्या, नंतर जमणार नाही. ते मी कसं सांगितलं? "घरी जायला हरकत नाही म्हणतात." यम्मा म्हणाल्या, "मग घाई कसली!"

ऑगस्टपासून दर सोमवारी मी या बाईंची जीभ आहे. उम्म राशिद, रास अल खैमाच्या, वय अडुसष्ट, स्वादुपिंडाचा कॅन्सर. सगळे यम्मा, म्हणजे आई, म्हणतात म्हणून मीही. मुलगी सोबत आहे, पण ती नेमकी व्हीलचेअर आणायला खाली गेली होती. ती वर आली तेव्हा आईनं तिला मिठीच मारली. दोघी रडत होत्या, हसत होत्या. मी कोपऱ्यात पर्स धरून उभी.

माझं अरबी बालपणीचं. किराणा दुकानातलं, शिंप्याच्या गिऱ्हाइकांचं. फॉर्मवर मात्र मी 'अस्खलित' लिहून ठेवलंय. उद्या फोन करून सांगते. उद्याच.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

फोन हातात घेतला. ठेवला. कणीक मळली. परत घेतला. ठेवला.

बुधवार, ९ ऑक्टोबर

फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही! म्हणून गेले.

त्यांनी हांडशूसहाइममध्ये फ्लॅट घेतलाय, नोव्हेंबरअखेरपर्यंत. गावाच्या नावात हातमोजा, आणि यम्मांच्या मुलीचं नाव मौज़ा! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात आलं होतं - एकच? मौज़ा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिला हा विनोद समजावून सांगितला होता तेव्हा ती खोकेपर्यंत हसली होती. आता मी तिला कधी एकटी सापडले की म्हणते, "बघ, दुसरा मोजा आला."

आज दार उघडलं आणि म्हणाली, "आत ये, बघ म्हातारी काय करतेय!"

यम्मांनी सुटकेसमधून काजूजा काढला होता. पत्र्याचे दोन कोन टोकाला टोक जोडून उभे केलेले, वर लांबोडकी उशी. उशीला धागे टाचायचे आणि दहाही बोटांनी त्यांचा गोफ विणायचा, मधून चांदीची चपटी पट्टी फिरवत. त्या गोफाला म्हणतात तल्ली. ती मग कपड्याला शिवायची - बाह्यांना, गळ्याला, आतल्या सुरवारीच्या पाऊलपट्टीला. औषधांमुळे बोटं बधिर झाली म्हणून उन्हाळाभर काजूजाला हात लावला नव्हता. आता इलाज संपला ना! मग मुंग्याही जातील.

नातीचं, शम्माचं, लग्न जानेवारीत. तिचा लग्नाचा जोड आजी विणणार. मौज़ा म्हणत होती, "आधी बाह्या कर यम्मा. लोक बघतात त्या बाह्याच." यम्मांनी हात झटकला. "वेळ कमी असला तर बाह्या आधी. आता मला वेळच वेळ आहे. मी पायापासून घेते." पायाची पट्टी सगळ्यात रुंद, सगळ्यात किचकट. एक एक वीत पुढे सरकायला तीन तीन दिवस!

सांगणार होते मी. खरंच. तेवढ्यात मौज़ानं एक पाकीट दिलं. हॉस्पिटलचं पत्र, आर्ट्झब्रीफ. "आपल्या डॉक्टरला दाखवायला लागेल. सवडीनं वाचून सांग. आता घाई नाही."

पाकीट पर्समध्ये आहे. पर्स खुंटीला.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आज काम नव्हतं. तरी गेले. सांगायलाच गेले होते असं म्हणू या.

यम्मांनी मला रीळ उलगडायला बसवलं. चांदीची पट्टी बोटानं ताणून दाखवली आणि म्हणाल्या, हिनं विणलेल्या पायाच्या काठाला आम्ही बादला म्हणतो. मी ओरडलेच! बादला! अहो, हा तर आमच्या येवल्याचा शब्द. जरीसाठी तार ठोकून चपटी करतात, तो बादला. बाबा शंभरदा म्हणायचे. यम्मांना सांगितलं तर त्यांना काही नवल नाही. "पट्टी तुमच्याकडूनच यायची बोटीतून. नावही त्याच पेटीतून आलं असेल."

बाबा रास अल खैमात लेडीज टेलरकडे भरतकाम करायचे. गळा आणि छाती जरीनं भरायची, अठ्ठावीस वर्षं. मी दुकानाच्या मागच्या खोलीत जमिनीवर बसून अभ्यास करायची, मांडीवर जरीचे तुकडे पडायचे. त्या गावातल्या निम्म्या बायकांचे गळे विष्णू टेलरनं भरलेत, असं ते नाशिकला आल्यावर कुणालाही ऐकवत. ऐकणाऱ्याला भलतंच वाटायचं! यम्मांना हे सांगितल्यापासून त्या मला मीनल म्हणतच नाहीत. 'बिंत विष्णू' म्हणतात. विष्णूची मुलगी. आज म्हणाल्या, "गळा तुमच्या पुरुषांनी भरला, पाय आमच्या बायकांनी. मधल्या कापडावर मात्र कुणाचा हक्क नाही."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. विष्णूची मुलगी म्हणून कुणी हाक मारावी हे मला इतकं हवं असेल, ठाऊकच नव्हतं. चार तास बसले. घरी येताना श्ट्रासेनबानमध्ये, ट्राममध्ये, लक्षात आलं, चार तासांत एकदाही 'ते' सांगायचं आठवलं नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

दसरा. लेकीला, इप्सिताला, म्हटलं, तुझ्या बाबांच्या पाया पड. म्हणाली, "मुस इश?" करावंच लागेल का? नाही गं बाई. काही करावं लागत नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

त्यांची ईद. यम्मांनी फर्मान काढलं, बिंत विष्णूनं आज पँट घालून यायचं नाही. त्यांच्या बॅगेतला एक कंदुरा मला घातला. जांभळा, पायघोळ, गळ्यापासून पोटापर्यंत जरी. माझी बटणं त्यांनी लावली. बोटांना कळत नाही म्हणून एक एक बटण तीनतीनदा. मी खाली बघत उभी. लग्नाच्या दिवशी मामींनी नऊवारी नेसवली होती, त्यानंतर मला कुणी कपडे घातलेले नाहीत. सतरा वर्षं.

जरीवरून नख फिरवून म्हणाल्या, "हे कराचीवाल्याचं काम. तुझ्या बापाचं यापेक्षा बारीक असणार." बाबा असते तर आठवडाभर फुगून राहिले असते!

स्वतः मात्र रोजच्याच कपड्यांत. चेहऱ्यावर तो चकाकणारा निळसर मुखवटा, नाकावर उभी काडी असलेला. त्याला त्या बुर्गा म्हणतात. आपल्या बुरख्यासारखा नाही, फक्त भुवया आणि ओठ झाकतो. तो काढला की नाकावर निळीचा डाग दिसतो. आज त्याच्या कडेनं त्वचा पिवळी वाटली. निळीमुळे वाटली असेल.

रोज घरी आलं की कोट टांगते, पर्स टांगते. पाकीट आत आहे ते माहीत असतं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

वाचलं.

दीड पान. सगळं स्वच्छ लिहिलंय. रोग यकृतात पसरला आहे. पुढील उपचार नाहीत. 'रुग्ण व नातेवाईक यांना दुभाषीमार्फत सविस्तर कल्पना दिली आहे.' दुभाषीमार्फत! मायदेशी प्रवास दोन ते तीन आठवड्यांत करावा, त्यानंतर रुग्ण प्रवासास योग्य असेलच असं नाही.

दहा दिवस गेले. अकरा राहिले. अकरा दिवस म्हणजे पुष्कळ झाले. तिकीट एका दिवसात मिळतं. उद्या सकाळी सांगितलं तर परवा विमानात. तिथे अंगण आहे, खाडी आहे, शम्मा आहे. शम्माला इथे यायला व्हिसा लागतो, आणि कुणी तो काढलाही नाही. कशाला काढेल? आजी बरी होऊन येतेय ना.

पाकीट परत चिकटवलं. डिंकानं. दिसतंय चिकटवलेलं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

बादला दोन वितींच्या पुढे गेला. सुंदर आहे. मला त्याच्याकडे बघवत नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

नवऱ्याला, सत्यजितला, सांगितलं. तो लॅपटॉपवर होता. रविवारीही त्याच्या कंपनीच्या गिअरबॉक्सला काहीतरी दुखतच असतं.

"एक शब्द चुकला माझा," म्हटलं. सगळं सांगितलं, खलासपासून पाकिटापर्यंत. तो ऐकत होता. म्हणजे जर्मनमध्ये "या, या... गेनाऊ", हो हो, बरोबर, म्हणत होता. मग लॅपटॉप बंद केला, हे विशेष.

"आल्झो, करेक्ट करून टाक ना. एक फोन. सॉरी, भाषेचा घोटाळा झाला म्हण."

"त्या बाई मरणार आहेत सत्यजित."

"ते तू सांगितलंस म्हणून का? त्या मरणारच आहेत. तू फक्त उशीर करतेयस." वर म्हणाला, "आणि तू रोज तिथे का जातेस? डॉक्टरांचे टर्मिन तर संपलेत ना?"

मी म्हटलं, पट्टी उलगडायला माणूस लागतं. त्यानं लॅपटॉप उघडला. बरोबर बोलतो तेव्हाच हा माणूस मला नकोसा होतो. या घरात तीन माणसं आहेत. दिवसभरात एकमेकांशी बोललेली वाक्यं मोजली तर तेवढ्यात एक चपातीही भाजून होणार नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

आज सुरुवात केली. देवाशपथ केली. मौज़ा अंघोळीला गेली होती. मी म्हटलं, "यम्मा, त्या दिवशी डॉक्टर जे म्हणाले..."

त्या धाग्यात डोकं घालून होत्या. "त्या दिवशी तू जे म्हणालीस ना," त्या म्हणाल्या, "ते ऐकून मी तुला दुआ दिली. बाप गेल्यावर ज्या मुलीला कुणी विचारत नाही, तिच्या तोंडून अल्लानं मला ही बातमी दिली. तुला माहेर नाही म्हणतेस. जानेवारीत लग्नाला ये. माझ्या खोलीत झोप."

मी पट्टी उलगडत राहिले.

पहिला बादला पूर्ण झाला. उजव्या पायाचा. कात्रीनं शेवट कापला, गाठ मारली, माझ्या पायाभोवती धरून पाहिला. "हे कोण बघणार यम्मा? पायघोळ कपड्याच्या आत!" मी म्हटलं. "चालताना नवऱ्याला दिसतं," म्हणाल्या आणि स्वतःच लाजल्या. अडुसष्ट वर्षांची बाई!

जेवल्या नाहीत. दोन घास खजूर आणि कॉफी. डोळे पिवळे आहेत. नीळ डोळ्यांत उतरत नाही, हे मला कळतं. मौज़ा म्हणते, इथलं ऊन कमी म्हणून. तिलाही दिसतंय, पण तिला कुणीतरी 'खलास' सांगितलंय ना.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

तीन दिवस उरले. डाव्या पायाचा बादला सुरू.

रविवार, २७ ऑक्टोबर

घड्याळं एक तास मागे. एकच तास!

सोमवार, २८ ऑक्टोबर

सकाळी मौज़ाचा फोन. यम्मांना रात्रीपासून उलट्या, उभं राहवत नाही, ॲम्ब्युलन्स आली. मी पोचले तोवर दुसरा दुभाषी हजर होता. हॉस्पिटलनं बोलावलेला, लेबनॉनचा, पन्नाशीचा, टाय लावलेला. शब्द कसे, धुतलेल्या तांदळासारखे. त्यानं दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं होतं. दोन वाक्यं! मला एकवीस दिवस पुरले नाहीत.

मौज़ा भिंतीला टेकून खाली बसली होती. कॉरिडॉरमध्ये, फरशीवर. मला पाहून उठली नाही.

"तो म्हणतो हे आधीच सांगितलं होतं. सात तारखेला. तुझ्यामार्फत."

मी म्हटलं, "मी खलास म्हटलं. मला म्हणायचं होतं की उपाय संपले. तुम्ही समजलात की बरं झालं. भाषा, मौज़ा... माझं अरबी..."

"आणि पत्र?"

"वाचायला वेळच झाला नाही."

हे मी म्हटलं. जीभ झडली नाही माझी. पर्स खांद्याला होती, पाकीट पर्समध्ये होतं, डिंकानं चिकटवलेलं. तिनं डोक्यावरचा शेला पुढे ओढून चेहरा झाकून घेतला.

बुधवार, ३० ऑक्टोबर

विमान नाही. डॉक्टर सही देत नाहीत. सहीशिवाय कुठलीच विमान कंपनी घेत नाही. ॲम्ब्युलन्स विमानाचंही विचारून झालं, तिथलाही डॉक्टर कागद बघून नको म्हणाला - वाटेतच जातील. कावीळ, पोटात पाणी, ताप. तीन आठवड्यांपूर्वी चालत गेल्या असत्या.

शम्माच्या व्हिसाची तारीख अकरा नोव्हेंबरची मिळाली आहे.

यम्मांना मौज़ानं काल सांगितलं. आज मी दारातून परत फिरणार होते, तर आतून आवाज आला - "बिंत विष्णू?" गेले. बुर्गा नव्हता. निळ्या डागाचं नाक आणि हळदीचा चेहरा. मला बघितलं, मग काजूजाकडे. मौज़ानं तो खिडकीत आणून ठेवलाय. डाव्या पायाची जेमतेम वीतभर झालेली, टाचण्या तशाच.

म्हणाल्या, "कळलं असतं तर बाह्या आधी केल्या असत्या."

एवढंच. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईला मरणाचं वाईट वाटलं नाही, कामाचा क्रम चुकला याचं वाटलं. आता शम्माच्या हातांना दुकानातली मशीनची तल्ली लागणार. लग्नात सगळं गाव नवरीचे हात बघणार, आणि आजीनं केलेलं कापडाच्या आत पायाशी राहणार. तेही एकाच.

मी पाण्याचा ग्लास भरला, टेबलावर ठेवला. आधीच एक भरलेला होता.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

सुट्टी. सगळं बंद. पाऊस नाही, ऊन नाही, नुसताच राखाडी.

मौज़ानं कॅफेटेरियात बोलावलं. मला वाटलं आता बोलेल, तक्रार करते म्हणेल. मी तयार होते. उलट तिनंच माझा हात धरला.

"तू अरब नाहीस. शब्द चुकतो माणसाचा. मी माझ्या मोलकरणीशी तीस वर्षं हिंदी बोलते, काय काय बोलले असेन देव जाणे." मग म्हणाली, "यम्मा म्हणते, तिच्यावर रागावू नकोस. ती म्हणते, तुझ्या चुकीमुळे तीन आठवडे आनंदात गेले. मी एवढं मोठं मन नाही करू शकत. पण माफ केलं."

माफ केलं! मी तिच्यासमोर हुंदके देऊन रडले. तीच माझी पाठ थोपटत होती. आई कुणाची मरतेय, थोपटतंय कोण! शेजारच्या टेबलावरच्या जर्मन आजीनं मला कागदी रुमाल दिला. मला. मौज़ाला नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. मंडळाच्या हॉलमध्ये चिवडा, शंकरपाळे, भेंड्या. 'मीनल, तू इतकी कशी वाळलीस?' कुंदाताई. सत्यजितनं परस्पर सांगून टाकलं, "तिच्या पेशंटचं सीरियस आहे." आणि त्यांनी मला शाबासकी दिली! किती समाजसेवा करतेस म्हणाल्या. मी शंकरपाळा तोंडात कोंबला, म्हणजे बोलावं लागू नये.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

त्या आता ओळखत नाहीत. झोपेत बोटं चालतात. पांघरुणाची कड घेतात आणि विणतात, एकाखालून एक. नर्स म्हणाली, शेवटाला पुष्कळ जण चादर चिवडतात. चिवडत नाहीत हो. मला ओळखू येतं ते काय आहे. पण तिला सांगितलं नाही. दुभाष्याचं काम मी सोडलंय.

बुधवार, ६ नोव्हेंबर

यम्मा सकाळी साडेनवाला गेल्या. शम्माचा आवाज फोनच्या स्पीकरवर होता.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

मानहाइमच्या मशिदीतल्या तीन बायका आल्या होत्या. अंघोळ त्यांनीच घातली. मी बाहेर बाकावर. मौज़ानं नंतर दार किलकिलं करून दाखवलं. पांढरं सुती कापड, सुई न लागलेलं. ना गळा, ना बाही, ना काठ. आयुष्यभर ज्या बाईनं कपड्याची कड मोकळी सोडली नाही, तिला असं गुंडाळलेलं. मौज़ा म्हणाली, आमच्यात असंच असतं, सगळ्यांना सारखं. बरोबर आहे, सगळ्यांना सारखंच असावं. मला नाही बघवलं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

फ्रँकफर्टहून गेले. पेटी खाली, मौज़ा वर. सही मिळाली या वेळी. मेलेल्या माणसाला प्रवासाला कुणी अयोग्य ठरवत नाही.

काजूजा हँडबॅगेत न्यायचा होता. सिक्युरिटीवाल्यानं उलटासुलटा केला, टाचण्या बघितल्या, विचारलं हे काय. मौज़ानं माझ्याकडे पाहिलं. सवयीनं. मला जर्मन शब्द पटकन आठवेना. क्लॉपेलकिसन, लेसची उशी, म्हटलं. त्यानं मान हलवली, त्याची आजी करायची म्हणे, डोंगराकडची. टाचण्या तेवढ्या काढून घेतल्या. डाव्या पायाचा बादला उसवायला लागला. मौज़ानं तो मुठीत धरला आणि तशीच आत गेली.

जाताना म्हणाली, लग्न पुढे ढकललंय, पण होईल तेव्हा ये. यम्मानं खोली देऊन ठेवलीय तुला.

मी "हो" म्हटलं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

इथला कंदिलांचा सण. इप्सिताच्या शाळेची मुलं कंदील घेऊन रस्त्यानं गात गेली. ती म्हणते ती आता मोठी झाली, ती नाही गेली. शम्माची व्हिसाची तारीख आजची होती.

सोमवार. काही काम नाही. तरी दहाला कोट घालून तयार झाले होते.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

या वहीत खोटं लिहिलंय मी. पहिल्याच पानावर.

गल्फला गेलेला कुठलाही माणूस विमानातून उतरल्यावर पहिला अरबी शब्द शिकतो तो 'माफी'. माफी म्हणजे नाही. पानी माफी, काम माफी, पैसा माफी. माफी इलाज - इलाज नाही. इतकं सोपं. मला तो सहाव्या वर्षापासून येतो. याच वर्षी, त्याच खोलीत, चार घरांना मी हे दोन शब्द नीट सांगितलेत. त्या दिवशीही तोंडाशी तेच होते. पण ते म्हटले असते तर आठवड्यात यम्मा निघून गेल्या असत्या, आणि मला कुणी विष्णूची मुलगी म्हटलं नसतं.

शब्द चुकला नव्हता. निवडला होता.